संस्था आहेच, तिला बोलू द्या

मोठी साथ येऊन गेली की आपल्याकडे एक मागणी हमखास होते: अमेरिकेत सीडीसी, म्हणजे रोगांच्या साथींवर लक्ष ठेवणारी अटलांटाची सरकारी संस्था आहे, मग आपल्याकडे का नाही? कोविडनंतर तर ती लेखांतून, परिषदांतून, वाहिन्यांवरच्या चर्चांतून सतत होत राहिली. मग 2025 मध्ये अमेरिकेतच उलथापालथ झाली. सीडीसीच्या संचालकांना महिनाभरात पदावरून हटवलं गेलं आणि लसविषयक सल्लागार समितीचे सगळे 17 सदस्य एकदम काढले गेले. आता दुसऱ्या बाजूला जोर चढला: ज्यांचा कित्ता गिरवायला निघालात, त्यांचीच ही गत! ही चर्चा ऐकताना मला दोन्ही बाजूंचा संताप येतो. भारतात अशी संस्था नाही, हे दोघांनीही गृहीत धरलं आहे. ती आहे. दिल्लीच्या शामनाथ मार्गावर राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, म्हणजे एनसीडीसी, काम करतं. त्याची मुळं 1909 पर्यंत जातात. अटलांटाच्या सीडीसीपेक्षा ते 37 वर्षांनी मोठं आहे.

माझं म्हणणं असं आहे की या संस्थेला विज्ञान कमी पडलेलं नाही आणि अनुभव तर मुळीच कमी नाही. जे सापडलं ते वेळेवर, स्वतःच्या सहीने लोकांसमोर ठेवण्याचा हक्क मात्र तिला कायद्याने कधीच मिळाला नाही. ती आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाखालचं एक कार्यालय आहे. पैसा, प्रयोगशाळा, रिकामी पदं ही दुखणी खरी आहेत, पण ती या दुखण्याच्या मागून येतात. हे कळायला संस्थेचा इतिहास पाहावा लागतो, आणि नेमका तोच या चर्चेत कुणी काढत नाही.

1908 च्या पावसाळ्यानंतर पंजाबात हिवतापाची अशी साथ आली की लाखो माणसं दगावली आणि अमृतसरचे व्यवहार कित्येक आठवडे ठप्प झाले. पुढच्या वर्षी सिमल्याला परिषद भरली आणि कसौलीला केंद्रीय हिवताप कार्यालय सुरू झालं. पंजाबच्या साथीचा अभ्यास एस. आर. ख्रिस्तोफर्स या सरकारी डॉक्टरांनी केला होता. 1911 च्या अहवालात त्यांनी मांडलेला निष्कर्ष राज्यकर्त्यांना सोयीचा नव्हता. हिवताप किती माणसं मारणार हे पाऊस आणि डास यांच्याइतकंच धान्याचे भाव आणि लोकांची उपासमार ठरवतात, असं त्यात होतं. 1927 मध्ये कार्यालयाची 'मलेरिया सर्व्हे ऑफ इंडिया' झाली. तिचे प्रमुख जॉन सिंटन यांनी हिवतापाची भारताला काय किंमत मोजावी लागते याचा हिशोब मांडला आणि तो संस्थेच्याच नियतकालिकात छापला. इंग्रज सरकारने हे वाचून फार काही केलं, असा माझा दावा नाही. पण परकीय सत्तेच्या पगारावर असलेल्या माणसांनी सत्तेला न रुचणारी गोष्ट स्वतःच्या नावाने छापली, म्हणून ती आज आपल्याला वाचता येते. 1938 मध्ये संस्था दिल्लीला आली आणि तिची 'मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया' झाली. 30 जुलै 1963 रोजी तिचं राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था, एनआयसीडी, असं नामकरण झालं आणि 2009 मध्ये आजचं नाव लागलं.

अटलांटाची कथाही हिवतापापासूनच सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लष्करी तळांभोवती डास मारण्यासाठी 1942 मध्ये एक यंत्रणा उभी राहिली आणि 1946 मध्ये तिचीच सीडीसी झाली. पुढे वाटा का वेगळ्या झाल्या? पैसा हे एक कारण आहेच. पण मला दोन निर्णय त्याहून मोठे वाटतात. 1951 मध्ये सीडीसीचे साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्युअर यांनी तरुण डॉक्टरांची शोधपथकं तयार केली. साथीची खबर लागली की बॅग उचलून निघायचं, घरोघर विचारपूस करायची. भारतात या धर्तीचं प्रशिक्षण 2012 मध्ये सुरू झालं. दुसरा निर्णय 1961 चा. रोगांच्या नोंदींचं साप्ताहिक पत्रक सीडीसीने स्वतःकडे घेतलं आणि ते दर आठवड्याला काढण्याची शिस्त लावली. 5 जून 1981 च्या अंकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची छोटीशी नोंद आली. रोगाचं नाव ठाऊक नाही, कारण ठाऊक नाही, रुग्ण फक्त पाच. तरीही छापलं. एड्सची जगाला झालेली ती पहिली ओळख. अशा पाच रुग्णांची नोंद आपल्याकडे कुणी छापली असती का, की 'आणखी माहिती येऊ द्या' म्हणून ती टेबलावर पडून राहिली असती?

आपल्या संस्थेला कमी लेखणाऱ्यांनी नारूची आठवण ठेवावी. बावडीचं पाणी पिऊन पोटात गेलेला जंत वर्षभराने पायातून बाहेर पडायचा, आणि रुग्ण तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. एकदम ओढला की तुटायचा आणि पाय सडायचा. या रोगावर लस नव्हती, औषधही नव्हतं. एनआयसीडीच्या देखरेखीखाली राज्यांच्या कर्मचाऱ्यांनी गावं पिंजून काढली, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी फडक्यातून गाळायला शिकवलं. 1996 च्या जुलैत राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. आदिवासी पट्ट्यातल्या यॉज या त्वचारोगाचंही तसंच. शेवटचा रुग्ण 2003 मध्ये आढळला, प्रमाणपत्र 2016 मध्ये आलं. हे काम करून दाखवणारी संस्था निकामी आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मुझफ्फरपूरचं उदाहरण मात्र मनाला जास्त लागतं. बिहारच्या त्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात लहान मुलं पहाटे झटके येऊन मरत. 2013 आणि 2014 मध्ये एनसीडीसी आणि अमेरिकेच्या सीडीसीने मिळून छडा लावला. पोरं दिवसभर लिचीच्या बागांत लिची खात फिरतात आणि रात्री न जेवता झोपतात. फळातली द्रव्यं शरीराला साखर तयार करू देत नाहीत, आणि पहाटे रक्तातली साखर कोसळते. उपाय कुणालाही समजेल असा होता: मुलाला उपाशी झोपू देऊ नका आणि झटके आले की आधी साखर तपासून ग्लुकोज द्या. पुढची काही वर्षं मृत्यू घटले. 2019 च्या जूनमध्ये पुन्हा शंभराहून अधिक मुलं गेली. उत्तर ठाऊक असूनही गेली. जिल्ह्यातल्या किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत ग्लुकोमीटर चालू आहे, किती गावांत आशाताई पोहोचल्या, हे दर एप्रिलमध्ये उघडपणे सांगण्याचं काम कुणाचं होतं? ते कुणाच्याच गळ्यात नव्हतं. शोध लावणारी संस्था अहवाल देऊन मोकळी झाली आणि अहवाल मंत्रालयाच्या, मग राज्याच्या, मग जिल्ह्याच्या वाटेने गेला.

हिवतापाच्या बाबतीत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज होता. 1953 मध्ये नियंत्रण कार्यक्रम आणि 1958 मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. 1965 पर्यंत रुग्णसंख्या एक लाखावर आली. या यशाच्या भरात 1963 मध्ये मलेरिया इन्स्टिट्यूटचं नाव बदलून टाकलं होतं. 1976 मध्ये आकडा पोहोचला 64 लाखांवर! डास डीडीटीला दाद देईनासे झाले, फवारणीचा माल वेळेवर मिळेना, घरोघर जाऊन घेतलेल्या रक्तनमुन्यांच्या काचपट्ट्या तपासणीविना साचत गेल्या. कारणं पाठ्यपुस्तकांत आहेत. पण अकरा वर्षांत चौसष्ट पट वाढलेला रोग चौथ्या-पाचव्या वर्षीच देशाच्या चर्चेचा विषय का झाला नाही? निर्मूलन हा सरकारच्या प्रतिष्ठेचा विषय झाला होता, आणि 'गाडी उलटी फिरली आहे' असं चारचौघांत म्हणणं ज्याचं कर्तव्य आहे, असा अधिकारी व्यवस्थेत नव्हता. माझा निष्कर्ष हा आहे आणि तो मी जबाबदारीने मांडतो.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. संस्थेने थेट बोलायचं ठरवलं, निदान चुकलं आणि लोक घाबरले तर? 1994 विसरलात का? नाही विसरलो. किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्टमध्ये उंदीर मरून पडू लागले, पिसवांनी लोक हैराण झाले, मग काखेत-जांघेत गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. 1966 नंतर देशात प्लेगचा माणूस सापडला नव्हता. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. प्लेगवरचं औषध टेट्रासायक्लिन बाजारातून नाहीसं झालं, परदेशी विमान कंपन्यांनी भारताची उड्डाणं थांबवली, निर्यात अडकली. मृत्यू मात्र पन्नासच्या आसपास होते. रोगापेक्षा भीतीने जास्त नुकसान केलं, हे मला मान्य आहे.

पण ती भीती आली कुठून? संस्था बोलली म्हणून की कुणीच धड बोललं नाही म्हणून? एक जण म्हणतो प्लेग, दुसरा म्हणतो न्यूमोनिया, तिसरा म्हणतो काळजीचं कारण नाही. जंतू वाढवून दाखवण्यात दिरंगाई झाली, प्रयोगशाळांचे निष्कर्ष तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आले, आणि 'हा प्लेगच होता का' यावर शास्त्रज्ञ पुढे कित्येक महिने भांडत राहिले. अखेर ज्येष्ठ वैद्यकीय शास्त्रज्ञ व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एकाच माणसाने आज किती नमुने तपासले, किती पक्के, किती संशयित, काय अजून कळलेलं नाही, एवढं सांगितलं असतं तर सुरतेच्या स्टेशनवर तेवढी चेंगराचेंगरी झाली नसती असं मला वाटतं. अर्धवट माहिती जाहीर करण्यात धोका आहे खरा. पण ती दडवली म्हणून लोक अंधारात राहत नाहीत. ते शेजाऱ्याकडून ऐकतात, आणि आता तर मोबाइलवरून ऐकतात.

मुंबईने हे त्याच्याही शंभर वर्षं आधी पाहिलं होतं. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीतल्या नवरोजी हिल भागात प्लेग आहे हे डॉ. अकासिओ व्हिएगास या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखलं आणि महापालिकेच्या स्थायी समितीत उभं राहून सांगितलं. बंदराच्या व्यापाराला ही बातमी परवडणारी नव्हती. विश्वास बसेना म्हणून खातरजमा करायला जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांच्यासह अनेकांना बोलावलं गेलं आणि निदान खरं ठरलं. धोबी तलावाजवळचा त्यांचा पुतळा बघताना मला एकच गोष्ट आठवते: ते समितीचे सदस्य होते, म्हणून बोलू शकले. सरकारी दवाखान्यातल्या कनिष्ठ डॉक्टरला तेच दिसलं असतं तर त्याने वरिष्ठांना टिपण पाठवलं असतं आणि वाट बघितली असती. पुढच्या फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा केला. घरं तपासा, माणसं अडवा, सामान जाळा, असे सगळे अधिकार त्याच्या छायेत आले. पुण्यात रँडच्या पथकांनी ते कसे वापरले आणि 22 जून 1897 च्या रात्री काय झालं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो हाच कायदा. माणसाला अडवण्याचा अधिकार त्यात आहे. त्याला खरी माहिती देण्याच्या कर्तव्यावर एक ओळही नाही.

सरकारच्या आत राहून मोकळेपणाने बोलता येतं का, अशी शंका कुणी काढेल. येतं. हवामान खातं 1875 पासून सरकारचंच आहे, आज ते पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली आहे. चक्रीवादळाचं पत्रक काढण्याआधी पर्यटनाचं किंवा बंदराचं काय नुकसान होईल हे ते मंत्र्याला विचारत बसत नाही. अंदाज चुकतात, लोक हसतात, खातं दुसऱ्या दिवशी पुन्हा अंदाज देतं. 1999 च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 च्या फायलीन चक्रीवादळाच्या वेळी आगाऊ आणि वारंवार दिलेल्या इशाऱ्यांमुळे दहा लाखांच्या आसपास लोक हलवता आले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. कोकणात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी ओढून घ्यायची, हे कोळ्याच्या पोराला कळतं. त्या बावट्यामुळे किनाऱ्यावर घबराट पसरली असं कुणी ऐकलं आहे? रोगाच्या बाबतीत मात्र तोच नागरिक माहिती पेलायला असमर्थ ठरतो!

संस्थेला काहीच छापू दिलं जात नाही, असा आरोप मी करत नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम 2004 पासून चालू आहे. उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे परिचारिका, लक्षणांचा एस फॉर्म भरते, वैद्यकीय अधिकारी पी फॉर्म, प्रयोगशाळा एल फॉर्म. आता हे संगणकावर होतं. त्यातून निघणारा साप्ताहिक उद्रेक अहवाल कुणालाही वाचता येतो आणि तो वाचण्यासारखा असतो. लग्नाच्या जेवणातून झालेली विषबाधा, विहिरीच्या पाण्यातून पसरलेला गॅस्ट्रो, एखाद्या आश्रमशाळेतला गोवर. प्रत्येक ओळीत साथ सुरू झाल्याची तारीख आणि कळवल्याची तारीख असे दोन रकाने आहेत. दोन तारखांमधलं अंतर बघितलं की जिल्ह्याची आरोग्ययंत्रणा किती जागी आहे हे समजतं. म्हणजे लहान साथींबद्दल ही संस्था बोलते. साथ मोठी झाली, राजकारणाला झोंबू लागली, की तिचा आवाज ऐकू येईनासा होतो. कोविडमध्ये पत्रकारांसमोर मंत्रालय आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) बसत होते. सर्वेक्षण ज्यांचं मूळ काम, ते मागे.

मार्च 2021 आठवून बघा. विषाणूच्या जनुकीय तपासणीसाठी उभारलेल्या इन्साकॉगची मध्यवर्ती संस्था एनसीडीसीच होती. 24 मार्चला मंत्रालयाचं पत्रक आलं: महाराष्ट्रातल्या 15 ते 20 टक्के नमुन्यांत ई484क्यू आणि एल452आर हे बदल सापडले आहेत, पण वाढत्या रुग्णसंख्येशी त्यांचा थेट संबंध लावण्याइतका पुरावा नाही. तेव्हा विदर्भात खाटा भरत होत्या. नंतर काही शास्त्रज्ञांनी वृत्तसंस्थेला सांगितलं की 10 मार्चच्या आधीच एनसीडीसीला इशारा दिला होता. एप्रिलमध्ये हरिद्वारला कुंभ भरला, प्रचारसभा झाल्या, आणि मग जे झालं ते प्रत्येक घराला माहीत आहे. इशारा नेमका कधी गेला, किती स्पष्ट होता, कुणी वाचला? नागरिकाला हे आजही ताडून पाहता येत नाही, कारण त्या टिपणाला सार्वजनिक तारीख नाही. मुद्दा कुणाला दोषी ठरवण्याचा नसून तारखेचा आहे. ते टिपण त्याच दिवशी सर्वांसाठी खुलं झालं असतं, तर लग्न पुढे ढकलायचं की नाही हे नगर-अमरावतीच्या माणसाने स्वतः ठरवलं असतं.

दुसरा आक्षेप घटनेचा: सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय, दिल्लीने त्यात नाक खुपसू नये. राज्यसूचीतली सहावी नोंद तेच सांगते आणि रँडचा इतिहास असलेल्या प्रांताने केंद्राच्या हाती सरसकट अधिकार देऊ नयेत, हे मलाही पटतं. पण एका राज्यातून दुसऱ्यात पसरणाऱ्या रोगांचा प्रतिबंध समवर्ती सूचीत आहे, 29 वी नोंद. आणि माहिती जाहीर करणं म्हणजे हुकूम सोडणं नव्हे. 2018 मध्ये केरळात निपा आला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान पक्कं केलं, केंद्राची पथकं गेली, आणि राज्य सरकारने रोज आकडे मांडले. तिथे कुणाच्या अधिकारावर गदा आली?

तिसरा आक्षेप अमेरिकेचा, आणि तो मी हलक्यात घेत नाही. सीडीसी काही देवालय नाही. टस्कीगीत सुमारे 400 कृष्णवर्णीयांना उपदंशावर उपचार न देता नुसतं निरखत ठेवण्याचा घोर अपराध सरकारी आरोग्यसेवेने 1932 मध्ये सुरू केला, आणि पुढे तो सीडीसीच्या हाती आल्यावरही 1972 पर्यंत चालला. 1976 मध्ये न आलेल्या स्वाइन फ्लूसाठी घाईने लसीकरण झालं. 2020 च्या सुरुवातीला तिच्या चाचणी संचातच दोष निघाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सीडीसीच्या अधिकारी नॅन्सी मेसोनियर यांनी रोजचं जगणं विस्कळीत होईल असं स्पष्ट सांगितलं आणि त्यांना पुढे बोलू दिलं गेलं नाही. पण या सगळ्यातून 'अशा संस्था नकोत' हा निष्कर्ष कसा निघतो? सीडीसीची स्वायत्तता कायद्यात कोरलेली कधीच नव्हती, संकेतावर चालत होती. संकेत मोडायला निघालेला माणूस आला आणि ती कोसळली. चीनने 2002 मध्ये नावासकट सीडीसी उभी केली, सार्सनंतर रुग्णालयांकडून थेट नोंदी घेणारी संगणक यंत्रणाही बसवली. तरी वुहानच्या महापौरांनी जानेवारी 2020 मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितलं की वरून परवानगी मिळाल्याशिवाय आम्हाला माहिती देता येत नाही. इंग्लंडने तर 2013 मध्ये काढलेली संस्था ऐन कोविडमध्ये मोडून नवं नाव लावलं. नावं आणि इमारती सगळ्यांनी बदलल्या.

आपणही तेच करतोय. 2021 च्या आरोग्य पायाभूत मोहिमेत एनसीडीसीच्या पाच प्रादेशिक शाखा आणि 20 महानगरांत सर्वेक्षण कक्ष मंजूर झाले. चांगलंच आहे. पण पुण्याने 2009 मध्ये पाहिलं आहे: जुलैत संस्थेचं नाव बदललं, ऑगस्टच्या तीन तारखेला शहरात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला, आणि नायडू रुग्णालयाबाहेर रुमाल बांधलेल्या लोकांची रांग रस्त्यापर्यंत आली. त्या रांगेतल्या कुणाला नवं नाव ठाऊक असेल?

नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने 2024 मध्ये सार्वजनिक आरोग्य आणीबाणीसाठी नवा कायदा सुचवला आहे. सगळं लक्ष सरकारच्या अधिकारांवर जाण्याआधी त्यात काही कलमं घालून घ्यायला हवीत. एनसीडीसीला कायद्याने स्थापन केलेली संस्था करा. ठरल्या वारी साप्ताहिक अहवाल निघालाच पाहिजे आणि साथीच्या काळात रोज, मंत्रालयाच्या मंजुरीशिवाय. संचालक उघड निवडीने पाच वर्षांसाठी नेमावा, आणि मुदतीआधी काढायचा तर कारणं संसदेच्या पटलावर ठेवावीत. निवृत्त सचिवांच्या सोयीची आणखी एक खुर्ची तयार होईल ही भीती रास्त आहे, म्हणून साथरोगशास्त्रात प्रत्यक्ष काम केल्याची अट हवी आणि निवृत्तीनंतरची नेमणूक नको. पथकाने राज्यात जाऊन केलेला तपास 30 दिवसांत खुला व्हावा. राज्याला तो मान्य नसेल तर त्याचं म्हणणं त्याच अहवालाला जोडून छापावं. अहवाल राज्याच्या भाषेतही निघावा. बीडच्या सरपंचाला आणि मुझफ्फरपूरच्या आशाताईला तो वाचता आला पाहिजे.